क्रिसांतोचा मीटर

आमच्या शेजारी राहणाऱ्या क्रिसांतो गेल्लादाला तीन नावं आहेत. वर्कशॉपमध्ये तो क्रिस. माझा नवरा केव्ह त्याला ‘पाना’ म्हणतो. आणि त्याची बहीण त्याला तोतो म्हणायची. त्यांच्याकडे धाकट्या भावाला तसं म्हणतात. माणूस बेचाळीस वर्षांचा, ट्रॅक्टरचं इंजिन एकट्याने खाली उतरवणारा, आणि बहिणीच्या तोंडी तोतो! मी एकदा गंमत म्हणून कुंपणावरून तशी हाक मारली, तर हातातलं सगळं टाकून तो ताठ उभा राहिला, शाळेत हजेरीत नाव आल्यासारखा. पुन्हा नाही मारली. मी चावट आहे, दुष्ट नाही. असं आपलं माझं मत होतं.

आमच्या यारिम्बात, ऑस्ट्रेलियातल्या या गव्हाच्या गावात, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, आगगाडी फक्त गहू न्यायला येते, आणि नवीन माणूस येतच नाही. त्यामुळे कोलिन पेट्रीने आपल्या हार्वेस्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपसाठी फिलिपिन्सहून मेकॅनिक येतोय असं सांगितलं, तेव्हा बेकरीपासून घरापर्यंतच्या वाटेत मी ती बातमी चौदा जणांना दिली. तो आला जुलैत, आमच्या ऐन हिवाळ्यात, सकाळी दव गोठून गवत पांढरं पडतं त्या दिवसांत. एक बॅग, हातात भात शिजवायचं विजेचं भांडं, आणि पायात उघड्या चपला. केव्ह म्हणाला, “हा ऑगस्ट बघत नाही.” मी म्हटलं, “पैज?” केव्ह हरला.

क्रिसांतोचा व्हिसा म्हणजे हुन्नरी माणसांना गावाकडे आणायला देतात तो. अट साधी. मोठ्या शहरात नाही, आमच्यासारख्या भागात राहायचं, इथेच काम करायचं, कर भरायचा. अशी तीन वर्षं काढली की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. मेलबर्न त्यात बसत नाही. आणि मेलबर्नला त्याची बहीण होती.

त्याच्या फ्रिजवर टायरवाल्याने फुकट वाटलेलं कॅलेंडर होतं. रोज कामावरून आला की हात धुवायच्या आधी तो त्यावर काळ्या बोटाने ठिपका द्यायचा. पेन नाही, बोट. सगळं कॅलेंडर अंगठे उठवलेल्या कागदासारखं दिसायचं. लोक हवापाणी विचारतात तसं मी कुंपणावरून विचारायचे, “काय रे, किती राहिले?”

“नऊशे शहाण्णव, मॅडम.”

मला मॅडम म्हणणारा तो गावातला पहिला आणि शेवटचा माणूस. मी बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळतात त्या क्लबच्या, स्वयंपाकघरात बटाटे सोलते. मॅडम कसली! नुसतं नोलीन म्हण, असं कितीही सांगितलं तरी त्याचं आपलं, हो मॅडम, नोलीन म्हणतो मॅडम.

बेकरीतल्या पावत्यासुद्धा तो बुटाच्या खोक्यात जपून ठेवायचा. यारिम्बातच पाव खाल्ला याचा पुरावा. मी म्हणायचे, “अरे, पोट भरल्याचं सर्टिफिकेटही डॉक्टरकडून घेऊन ठेव.” तो हसायचा. त्याचं हसू मोठं नेमकं होतं. सुरू व्हायचं, दोन क्षण टिकायचं, बंद व्हायचं. बाकी बोलणं कमीच. सकाळी भात, दुपारी भात, रविवारी पाच वाजता बहिणीचा फोन. त्याला इथे आवडतं का, असं मी एकदा विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “काम आहे, मॅडम.” तेवढंच.

पहिल्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारी क्लबच्या अंगणात सॉसेज भाजणं चाललं होतं. माझ्या हातात दुसरा ग्लास, म्हणजे जीभ अगदी तेल घातल्यासारखी. क्रिसांतो पेपर प्लेट दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आला.

“मॅडम, एक विचारू? मनांग मला नाताळला बोलावतेय. मेलबर्नला. दोन दिवस. गेलं तर चालतं का?”

मनांग म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलेलं.

आता इथे सरळ माणसाने काय म्हणावं? “मला माहीत नाही बाबा, विचार कोणाला तरी.” पण माझं तोंड सरळ असतं तर आणखी काय हवं होतं!

“चालतं का म्हणून काय विचारतोस?” मी म्हटलं. “मेलबर्न यायच्या आधी हमरस्त्यावर त्या लोखंडी कमानी लागतात ना? वर कॅमेरे असलेल्या?”

“हो, मॅडम.”

“ते काय वेगासाठी आहेत असं वाटलं तुला? छे! ते तुझ्यासारख्यांसाठी. व्हिसावाला माणूस खालून गेला की वर टिंग वाजतं. मीटर शून्यावर. पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं.”

केव्ह चिमटा हलवत म्हणाला, “आणि एक मेंढी दंड.”

“दोन. एक जातानाची, एक येतानाची.”

सगळे खो खो हसले. क्रिसांतोही हसला. त्याचं ते नेमकं हसू, दोन क्षणांचं. मला वाटलं, चला, गड्याला विनोद कळतो. आमच्या गावात ज्याला कोणी चिडवत नाही, तो कोणाला आवडत नाही असं समजावं. त्याच्या गावात वयाने मोठ्या बाईने काही सांगितलं, मग तिच्या हातात जपमाळ असो की ग्लास, तर ते मानायचं असतं. आणि ऐकून घाबरलं तर हसायचं असतं. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी आणखी एक सॉसेज खाल्लं आणि सगळं विसरून गेले.

नाताळला तो गेला नाही. जानेवारीत बहीणच आली.

नेनिता म्हणजे भावाच्या अगदी उलट. सत्तावन्न वर्षांची, बुटकी, मोठ्या आवाजाची. मेलबर्नला वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. लग्न केलेलं नाही. आगगाडीने, मग बसने, पाच तास बसून यायची आणि उतरायची ती तीन खोकी घेऊन. सुके मासे, नारळाचा व्हिनेगर, जांभळ्या कंदाचा हलवा. पहिल्या दिवशी तिने मासे तळले तेव्हा केव्ह टॉर्च घेऊन खुंटांवर उभ्या आमच्या घराखाली शिरला, काहीतरी मरून पडलंय म्हणून. ती कुंपणावर येऊन म्हणाली, “मेलंय खरं, पण माझ्या तव्यात. ये, खाऊन बघ.” केव्हने खाल्लं, वर आणखी मागितलं.

शुक्रवारी पबमध्ये मटणाच्या ताटाची सोडत असते. ती पहिल्याच शुक्रवारी जिंकली. पुढच्या खेपेला पुन्हा. तिसऱ्या खेपेला लोक कुरकुरायला लागले.

“अगं नोलीन,” ती ताट डोक्यावर धरून सगळ्यांसमोर म्हणाली, “माझ्या भावाला तुम्ही बिअर शिकवलीत. आता बायको मिळवून द्या. मग हे ताट परत करते.”

“तुझा भाऊ बोलला तर मिळेल ना! इथल्या बायकांना वाटतं तो मुका आहे.”

“लहानपणी फार बोलायचा. मीच गप्प बस म्हणायचे. आज्ञाधारक आहे ना, बसला.”

दर दोन महिन्यांनी ती यायची. अशी दीड वर्षं गेली. तो कधीच तिकडे गेला नाही आणि तेही कधी कोणाला खटकलं नाही. बहिणीची हौस, ती येते. एवढंच आम्ही धरून चाललो.

त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे जूनच्या सुमाराला, ती एकच खोकं घेऊन आली. ऑगस्टमध्ये एकही नाही. बसमधून उतरताना तिने दांडा दोन्ही हातांनी धरला होता. पबमध्ये सोडतीचं तिकीट घेतलं आणि बक्षीस जाहीर व्हायच्या आधीच घरी गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग, असं क्रिसांतोने मला कुंपणावरून सांगितलं, अमुक यंत्राचा अमुक भाग गेलाय असं सांगावं त्या आवाजात. मग ती यायची थांबली. रविवारचा फोन मात्र चालू राहिला. आधी पाऊण तासाचा, मग वीस मिनिटांचा, मग पाच.

नोव्हेंबरात ती इस्पितळात दाखल झाली. मी त्याला म्हटलं, “जा की रे! बघून ये.”

“हंगाम आहे, मॅडम.”

हंगाम होताच. गहू उभा असताना हार्वेस्टर बंद पडला की शेतकऱ्याला वेड लागतं, आणि कोलिनकडे तो एकटाच खरा मेकॅनिक. पण साडेतीन तासांचा तर रस्ता! मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. तेच उत्तर. मग मी जी गोष्ट मला सगळ्यात चांगली जमते ती केली. बेकरीत सांगितलं. “सख्खी बहीण तिकडे मरायला टेकलीय आणि हा इकडे बेरिंग बदलतोय. दगड आहे, दगड!” बेकरीत सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. कोलिनने त्याला रजा देऊ केली, तरी तो गेला नाही. मग तर दगडावर शिक्काच बसला.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी माझी मेलबर्नला डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ होती. आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवलं होतं. सकाळी सहा वाजता क्रिसांतो गाडीपाशी थर्मास घेऊन उभा. आत भाताची आलं घातलेली पातळ पेज.

“मनांगला द्याल, मॅडम?”

“तूच चल ना. जागा आहे.”

त्याने गाडीच्या मोकळ्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “हंगाम आहे,” म्हणाला आणि दार हलकेच लावून घेतलं.

नेनिता उशीत बुडाली होती. चेहरा पिवळा, हात काड्यांसारखे. पण मला बघून म्हणाली, “अगं नोलीन, मटणाचं ताट कोण नेतं सध्या?”

“कोणीतरी फालतू माणसं. तुझ्याइतकं लबाड कोणी नाही.”

“तोतो जेवतो का?”

“वासावरून तरी जेवतो.” मी झाकण उघडून तिला पेज दाखवली. तिने फक्त वाफ घेतली. “पण काय गं भाऊ तुझा! गाडीत जागा होती, मी दार उघडून धरलं होतं. पुढच्या वेळी कानाला धरून आणते बघ.”

तिने माझं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात कुठून आला कोण जाणे.

“नको! आणू नकोस त्याला, नोलीन. तो ऐकेल तुझं. दोनशे अठराच दिवस राहिलेत.”

“राहिले तर राहिले. एका दिवसाने काय होतंय?”

“कॅमेरे आहेत ना रस्त्यावर. कमानीवर. व्हिसावाला खालून गेला की टिंग वाजतं आणि मीटर शून्यावर जातो. त्याने मला पहिल्या वर्षीच सांगितलं. म्हणून तर मी जात होते.”

टिंग हा शब्द माझा होता. तो दुसऱ्या कोणाच्या डोक्यातून येणंच शक्य नव्हतं.

मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. घरी येऊन केव्हला म्हटलं, सांगणारच होते, पण नर्स आली. नर्स आली नव्हती. मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा सैल केलं, आणि डॉक्टरची वेळ झाली म्हणून निघाले.

रविवारी त्याचा पाच वाजताचा फोन संपल्यावर मी त्याच्या दारात गेले. फ्रिजवर नवीन ठिपका ओला होता.

“क्रिस, ऐक. ते कॅमेऱ्याचं मी सांगितलं होतं ना, क्लबवर? तो विनोद होता. मी बनवलं होतं ते. असं काही नसतं रे.”

तो हसला. दोन क्षण.

“हो, मॅडम. थँक्यू, मॅडम.”

“थँक्यू काय! म्हणजे जाणार ना?”

“हंगाम आहे, मॅडम.”

मी केव्हला बोलावलं. केव्हने गळ्याशपथ सांगितलं, मेंढीचंही खोटं होतं म्हणाला. क्रिसांतो दोघांकडे बघून मान हलवत होता, आजारी माणसं समाचाराला आलेल्यांकडे बघून हलवतात तशी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. विनोद केला तो त्याने खरा मानला होता आणि आता खरं सांगत होते तर त्याला वाटत होतं, बहीण मरतेय म्हणून मॅडमला दया आलीय आणि मॅडम खोटं बोलतेय.

“मग कोणाला तरी विचार ना! ऑफिसला फोन कर.”

“विचारलं की फाईल उघडते, मॅडम.” हे वाक्य त्याने फार शांतपणे म्हटलं, पाठ असल्यासारखं. “बंद फाईल चांगली.”

जवळच्या मोठ्या गावी, हॉर्शमला, वाचनालयात दर मंगळवारी व्हिसाचं काम बघणारी एक बाई बसते. टिली तिचं नाव. मी कोलिनकडे जाऊन त्याची दिवसभराची सुटी मागून घेतली आणि क्रिसांतोला सांगितलं की माझ्या गवत कापायच्या यंत्राचा भाग आणायला हॉर्शमला जायचंय, मला त्यातलं कळत नाही, तू चल. हे खोटं मात्र त्याने लगेच खरं मानलं. पान्यांची पेटीही बरोबर घेतली.

टिलीने त्याचा व्हिसा बघितला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

“इथे राहायचं आणि इथेच काम करायचं, एवढीच अट आहे. शहरात पाऊल ठेवायला बंदी नाही. तुमचं घर इथे, नोकरी इथे. बहिणीला भेटायला दोन दिवस जा, आठवडाभर जा. त्याने काही मोडत नाही.”

“कॅमेरे?” त्याने विचारलं.

“कसले?”

“कमानीवरचे.”

“ते रहदारीचे आहेत.” टिली हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. “हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

मी तोंड उघडलं. माझ्या आधी तोच बोलला. “कोणीतरी. आठवत नाही आता.” माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. टेबलावर ठेवलेल्या स्टेपलरकडे बघत होता. मग म्हणाला, “हे कागदावर लिहून द्याल?”

टिलीने वाचनालयाच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. त्याने ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “आता थेट मेलबर्न. बस.”

“यंत्राचा भाग, मॅडम?”

“यंत्राला काही झालेलं नाही.”

त्याने भुवया जरा वर उचलल्या. त्यांच्याकडे त्याला हो म्हणतात. तो बसला, पान्यांची पेटी मांडीवर घेऊन.

  वाटेतलं बॅलरॅट मागे पडलं. एकदा मी म्हटलं, “क्रिस, माझं चुकलं रे.” तो म्हणाला, “पेट्रोल अर्ध्याच्या खाली आलंय, मॅडम.” पेट्रोल भरलं. पुढे रस्ता रुंद झाला आणि पहिली कमान दिसली. त्याने खिशातून टिलीची चिठ्ठी काढली, उलगडली आणि पेटीवर ठेवून दोन्ही हातांनी धरली, अक्षरं वरच्या बाजूला, काचेकडे. कमान गेली. दुसरी आली, तीही गेली. टिंग वगैरे काही वाजलं नाही. तिथे सीमा नव्हती, पाटी नव्हती, नुसतं वाळकं गवत आणि नव्या घरांची छपरं. तो मागे वळून बघत राहिला.

“कुठे होती, मॅडम?”

“काय?”

“हद्द.”



आम्ही तीनला पोचलो. नेनिता डोळे मिटून पडली होती. नर्स म्हणाली, औषधाच्या गुंगीत आहे, कधी जाग येते, कधी नाही. क्रिसांतोने पान्यांची पेटी कोपऱ्यात ठेवली, बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, साबणाने, दोनदा. मग खुर्ची ओढून बसला आणि तिचा हात हातात घेतला. मी दारापाशी उभी राहिले.

अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले. त्याला पाहिलं. मला वाटलं आता हसेल. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय होतं.

“तोतो! तू इथे कसा?”

“आलो, मनांग.”

“कशाला आलास? दोनशे… अरे, किती राहिले होते! सगळं घालवलंस! जा, जा परत!” ती उठायला बघू लागली, हाताची नळी ओढू लागली.

“नाही मनांग, ऐक. तसं काही नसतं. विचारलं मी. हे बघ, कागद आहे.” त्याने चिठ्ठी तिच्या डोळ्यांपुढे धरली. तिला अक्षरं दिसत नव्हती. ती मान हलवत राहिली. “माझ्यासाठी नको रे. अडीच वर्षं. माझ्यासाठी नको.” यंत्र कुठेतरी पिपी करायला लागलं, हे वाजलं ते टिंगपेक्षा पुष्कळ मोठं होतं. नर्सची पावलं ऐकू आली.

मग क्रिसांतोने चिठ्ठी खिशात ठेवली. एका हाताने तिचे डोळे हलकेच झाकले, आपण ऊन लागू नये म्हणून लहान मुलाचे झाकतो तसे. दुसरा हात आपल्या कानाशी नेला, फोन धरल्यासारखा. ती तर बघतही नव्हती, तरी नेला.

“हॅलो मनांग,” तो म्हणाला. “मी यारिम्बातून बोलतोय.”

ती थांबली.

“तोतो?”

“हो.”

“मला वाटलं तू आलास.”

“नाही मनांग. मी इथेच आहे. घरी.”

“स्वप्न पडलं मला.” तिचा श्वास खाली बसत गेला. “रविवार आहे का?”

“हो, रविवार. पाच वाजलेत.”

“जेवलास?”

“भात केला. मासे तळले. केव्ह येऊन खाऊन गेला.”

“कापणी?”

“चाललीय. कोलिनचा मोठा हार्वेस्टर बंद पडला होता. केला चालू.”

“ठिपका दिलास?”

“दिला.”

“किती राहिले?”

“दोनशे चौदा.”

“थोडेच राहिले,” ती म्हणाली. “थोडेच.” मग बऱ्याच वेळाने, “ठेव आता. बिल येईल.”

“ठेवतो, मनांग.”

त्याने कानाजवळचा हात खाली घेतला. दुसरा तिच्या डोळ्यांवरच राहू दिला. नर्स दारात माझ्याशेजारी उभी होती. 

ती गुरुवारी दुपारी गेली. मधल्या दोन दिवसांत दोनदा जागी झाली आणि दोन्ही वेळा त्याने यारिम्बातून फोन केला. मी मंगळवारीच परतले होते. त्या फोनचं मला त्याने पुढे कधीतरी सांगितलं, वीज बिल सांगावं तसं. मातीला तिथलीच त्यांची माणसं होती. रविवारी संध्याकाळी तो बसने परत आला, पान्यांच्या पेटीसकट. सोमवारी सकाळी सहा वाजता कोलिनच्या वर्कशॉपचं शटर उघडल्याचा आवाज आला. मी बेकरीत जाऊन सगळं खरं सांगितलं, माझं नाव घेऊन सांगितलं. “तुझं काहीतरीच नोलीन,” तिथल्या बायका म्हणाल्या, आणि हसल्या. अजूनही काहीजण त्याला दगडच समजतात.

मी त्याच्याकडे केक घेऊन गेले होते. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर सहा चौकोन कोरे होते. मंगळवार ते रविवार.

“हे भरले नाहीस?”

“हे धरत नाही, मॅडम. सहा दिवस जास्त काढतो शेवटी. खात्रीसाठी.”

“अरे, टिलीने लिहून दिलंय ना!”

“हो, मॅडम.”

सहा दिवस जास्त काढले त्याने. मग अर्ज. टिलीने बुटाच्या खोक्यातल्या पावत्या बघितल्या. या लागत नाहीत म्हणाली, करभरणीचे कागद पुरेत. तसंही त्यांच्यावर काही उरलं नव्हतं. असल्या कागदावरची शाई उडते. अडीचतीन वर्षांचा पाव, सगळा कोरा. त्याने खोकं घरी आणून पुन्हा कपाटावर ठेवलं. मग वर्षभर काही नाही. रविवारी पाच वाजता त्याच्याकडे सामसूम असायची. मी त्या वेळी अंगणात जाणं टाळायचे.

गेल्या महिन्यात, मी कपडे वाळत घालत होते तेव्हा तो कुंपणापाशी आला.

“आलं, मॅडम.”

“काय आलं?”

“पत्र. कायमचं.”

मी चिमटे टाकून टाळ्या पिटल्या, केव्हला हाका मारल्या, कुत्रा भुंकायला लागला. तो उभा होता. भुवया एकदा वर गेल्या, खाली आल्या.

“आता कुठेही जाऊ शकतोस की रे! मेलबर्नला राहा, सिडनीला राहा. कोण अडवतंय?”

त्याने खरंच विचार केला. मला दिसत होतं, तो मनातल्या मनात मेलबर्नपर्यंत गेला आणि तिथे पोचून उभा राहिला.

“कशाला, मॅडम?” तो म्हणाला.

मग कुंपणावरून वाकून त्याने माझं गवत कापायचं यंत्र पाहिलं. दोन आठवडे सुरू होत नव्हतं, या वेळी खरोखरच. “प्लग गेला असेल,” म्हणाला, आणि पान्यांची पेटी आणायला आत गेला.